खेपवही

मे महिन्यात माझ्या टँकरच्या रोज पाच खेपा.
पाटोद्याअलीकडच्या अधिग्रहित विहिरीवर भरायचं,
चार वाड्या, एक तांडा,
आणि प्रत्येक ठिकाणी वहीत दोन बायांच्या सह्या,
एखादीचा अंगठा.
बारा हजार लिटर. पोचलं.

घरी माझी लेक एकवीस दिवसांची.
तिला एक थेंब नाही.

प्रयागआत्या म्हणते,
गावंच्या गावं पाजून येतूस
आन पोटच्या लेकराचा घसा काहून कोरडा ठेवतूस?
त्रेचाळीस अंश. वर पत्रा तडतडतोय.
आत्याच्या पदराला गाठ, गाठीत जायफळ, हळकुंड, वेखंड.
सहाण धुऊन तयार.
फडताळात मधाची बाटली, जावयानं डोंगरातून खास आणलेली.
आत्या वाईट नाही.
बाळंतपणाच्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर
उपाशी बसून होती ती.

शाहीन सिस्टरनं डिस्चार्जच्या कागदामागं
निळ्या पेनानं लिहून दिलेलं:
सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी पण नाही.
मध नाही. गुटी नाही. डोळ्यात काजळ नाही.
'पाणी पण' खाली दोन रेघा.
दैवशालानं कागद घडी करून बांगड्यांच्या डब्यात ठेवला.
मी मान हलवली.
मान हलवायला काय लागतं.

परवा रात्री लाइट गेली.
पंखा थांबला आणि लेक उठली.
दैवशालाचा आत्ता कुठं डोळा लागलेला.
लेक ओठ चाटत होती, मूठ तोंडाशी.
मला वाटलं, तहान.
तहान मला ओळखता येते, धंदाच तो.
माठात वाटी बुडवली. चमचा भरला.
मोबाइलच्या उजेडात धरला

आणि टाकी आठवली.
पंधरवड्यामागं आत उतरून घासली होती मी:
घोट्याएवढा गाळ, भिंतींना शेवाळ,
एक मेलेली पाल, कुण्या लेकराची चप्पल.
विहिरीचा तळ लागला की पंप जो वास ओढून आणतो, तो वास.
लोकांना मी सांगतो, पावडर टाकलीय, उकळून प्या.
मोठी माणसं पचवतात.
नाही पचवत तरी मला कुठं कळतं,
मी पुढच्या वाडीला गेलेला असतो.
आणि हे पोट. माझ्या मुठीएवढंही नाही.

चमचा मोरीत ओतला.
दैवशालाला हलवलं,
उकळून गार केलेला तांब्या हातात दिला.
तहान न्हाई, येड्या, भूक हाय ती, म्हणाली.
मग अंधारात दोन आवाज,
एकीचा पाण्याचा घोट, एकीचा दुधाचा.
तिचं पाणी माझ्यातून जातं, म्हणाली झोपेतच,
तू मला भरत जा.

ढेकर काढून लेकीला उताणी निजवली,
घट्ट सतरंजीवर, उशी नाही, वर गोधडी नाही,
नुसती मच्छरदाणी.
शेजारी मी झोपत नाही.
दिवसभर स्टिअरिंग धरून झोप दगडाची होते,
हात कुठं पडेल सांगता येत नाही.
मी ओट्यावर.

खेपवहीच्या मागच्या पानावर दैवशाला रेघा मारते:
ओला लंगोट, एक रेघ.
सहा झाल्या की पोट भरलं म्हणते. काल आठ.
आत्याला वाचता येत नाही.
संध्याकाळी दोरीपाशी उभी राहून
बोटानं लंगोट मोजत होती.
मी दिसताच म्हणाली, वाळलेत का बघत व्हते.
जायफळ अजून गाठीतच आहे.

आज तांड्यावर एक कोवळी बाई
हंडा मागं ठेवून बाटली पुढं करत होती,
निपलची, झाकण हरवलेली.
कितव्या महिन्याचं? दुसऱ्या.
पाइप मी आधी हंड्यात सोडला.
म्हटलं, त्याला नको. तू पी, उकळून.
ती हसली. बाकीच्याही हसल्या,
टँकरवाला आता हेही सांगायला लागला.
बाटलीचं तिनं काय केलं, पाहिलं नाही.
रांग लांब होती.
अंगठा उठवताना तिची शाई
माझ्या बोटाला लागली,
घरी येईपर्यंत निघाली नाही.