एक लाइन पावासाठी

फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो :
एका वेळी किती जण बोलतील?
पुंता अरेनासमधल्या दर ऑफिसात मी तो विचारतो
आणि दर ऑफिसात माणसं छताकडे बघतात.

नेलिदा बार्रियांनी खणातून वही काढली.
काचांची मापं, पेन्सिलीनं नावं,
आणि समासात उभ्या रेघा :
त्या एकाशी बोलत असताना
दुसरा फोन जितक्यांदा वाजून थांबला, तितक्या.
म्हणाल्या, "एरवी दोन पुरतात.
वारा सुटला की चाळीस."

ओसिएल, त्यांचा भागीदार, नखांत पुट्टी,
म्हणाला, चाळीस लाइनींचं भाडं भरलं
तर खिडकीत काय बसवू, बर्फ?
लागेना का बिझी.
गरजू माणूस पुन्हा करतो.

मी तक्ता पुढे सरकवला. चार, पाच, दहा.
वर्षाची सरासरी काढली.
सरासरीत
वारा कधीच सुटत नाही.

मग नंबर. यादीत अकरा होते.
ओसिएलला शेवटी दोन शून्यं हवी होती,
ट्रकवर रंगवायला सोपी.
नेलिदाबाई मात्र एकेक नंबर फिरवत बसल्या.
"कुणाच्या घरात शिरतोय
ते नको का कळायला?"
दहा ठिकाणी तीच यंत्रातली बाई :
हा क्रमांक वापरात नाही.
अकरावा त्यांनी फिरवलाच नाही.
बोट नुसतं त्याच्यावर ठेवलं.

"हा मान्सियांच्या बेकरीचा.
भट्टी विझून तीन वर्षं झाली,
पण अख्ख्या वस्तीच्या बोटांना पाठ आहे. हाच द्या."

ओसिएल हसला. लोक पाव मागतील!
"मागू देत.
पाव मागणाऱ्याच्या घराला
खिडकी असतेच."

मी पाचवर खूण करणार, तेवढ्यात त्यांनी पेन धरलं.
"सहा.
एक पावासाठी."

अशा कारणाला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.
मी 'इतर' भरलं.

नोव्हेंबरात एका रात्री
माझ्याच स्वयंपाकघराची काच गेली.
चौकटीत गादी कोंबून, पाठीनं ती रेटत
अंधारात तोच नंबर लावला.
बिझी.
सहाच्या सहा,
माझ्याच हातानं जोडलेल्या.
पुन्हा लावला. पुन्हा.
पाठीमागे गादी फुगत होती, बसत होती,
जिवंत असल्यासारखी.

पाचव्यांदा नेलिदाबाई, धापा टाकत,
कोण ते न विचारताच :
"पाव नाहीत. माप सांगा."