पाळीची वही

वही माझ्याकडे आली कारण माझं अक्षर बरं
आणि मला होडी नाही.
होडीवाल्याच्या हातात पेन द्यायचं नाही,
हे पारावर ठरलं, दीड तास भांडून.

सहा होड्या. मोहर मल्लावची, सिकंदरची,
एक दोघा भावांची
(ते एकमेकांशी बोलत नाहीत, वल्ही बोलतात).
सहाला करमाळ्याकडून गाड्या येतात,
गळ्यात कॅमेरे, पायांत पांढरे बूट.
उजनीचा गाळ बूट ओळखत नाही.

आधी गाडीचं दार उघडायच्या आत
चौघं धावायचे, दर पाडत, आया काढत,
आणि मशिनच्या आवाजानं रोहित पक्षी
उडून जायचे इंदापूरच्या अंगाला.
गावाला उरायचा डिझेलचा तवंग.

आता पाळी. आता शेवटचे शंभर हात वल्ह्यानं.
भाकरी एक आठवडा कौसाबाईकडे, पुढचा ताहेराकडे.
शेंगाचटणीत तिखट किती
यावर अजून एकमत नाही, होणारही नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावचा कळस दिसतो.
पाहुणे विचारतात, किती जुनं देऊळ?
मोहरची आई म्हणते, माझं लग्न तिथं लागलंय,
तुम्हीच मोजा.

माघातल्या एका रविवारी
एकजण सिकंदरला म्हणाला, जवळ घे, उडव त्यांना,
उडतानाचा फोटो पाहिजे, दोन हजार जास्त देतो.
सिकंदरनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.
पाणी हलायचं थांबेपर्यंत बोलला नाही.
माणूस तणतणत उतरला,
ठरलेले नऊशेही न देता.

रात्री वही उघडली.
जमा लिहू तर काही नाही,
खर्च लिहू तर कशाचा?
मोहर म्हणाला, सहा होड्यांवर टाक, दीडदीडशे.
दोघा भावांनी एकाच वेळी खिशात हात घातले,
एकमेकांकडं न बघता.
एका होडीचे तीनशे झाले.
कुणीच परत घेईना.

हिशेब पुरा भरला, सिकंदरचा वाटा न धरता.

कारणाच्या रकान्यात मी पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका वाढत गेला.
मग लिहिलं: पक्षी बसलेले.

आणि खाली, उद्याची पहिली पाळी
दोघा भावांची.
निरोप दोन घरी वेगवेगळा द्यायचा.