ताण

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत
राजमणी बोद्दुल
दुधाच्या पिशवीची पट्टी ओढून दाखवते.
आधी काहीच नाही. मग एकदम
मधे कंबर पडते, पांढुरकी,
आणि ती कंबरच लांबत जाते.

आत म्हणे नुसता गुंतवळ असतो.
ओढला की विंचरल्यासारखे
रेणू एका अंगाला निजतात, चिकटून.
आता उभी तोडून बघ. तुटत नाही.
आडवी? नखानंही फाटेल.

सोडली. परत आली नाही.

चहाच्या आधणात टाकली तेव्हा मात्र
आकसली थोडी, वेटोळली,
जुना गुंता आठवल्यासारखी.

'बघ,' म्हणाली,
आणि तीस वर्षं कांड्या भरून
वाकडीच राहिलेली बोटं
कढत पेल्याभोवती धरून बसली.