रकाना अकरा

इथे लिहायचं म्हणतात, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.
तर्क नको. निदान नको.
निदान तर सात डॉक्टरांनाही जमलेलं नाही.

मी, आर्डिस ट्वेट, राहणार ग्राफ्टन, नॉर्थ डकोटा,
शपथेवर लिहिते की
ऑरिन वाळवंटातून परतला तेव्हा मे महिना होता,
बीट पेरून झालं होतं,
आणि विमानतळावर त्याने सिग्नीला एका हातावर उचललं.
गणवेशाला तीन धुण्यांनंतरही जळक्या तेलाचा वास.

मग सांधे. मग पोट.
मग अंगावर लाल चट्टे उठायचे
आणि डॉक्टरची तारीख येईपर्यंत मावळायचे,
जणू त्यांनाही कुणी आगाऊ कळवलेलं.
रक्त नॉर्मल. मेंदूचा फोटो नॉर्मल.
आता रेडिओवरचा हवामानवाला
"तापमान नॉर्मल" म्हणाला तरी
हा उठून गोठ्याकडे जातो.

आजाराला नाव नाही, म्हणून गाव नाही,
आणि बिनगावच्याला भरपाई पाठवायची कुठल्या पत्त्यावर?
आले ते दहा टक्के. कानासाठी.
आत शिट्टी वाजते, ती त्याच्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही,
ती मात्र तुम्ही मान्य केलीत.

गेल्या मंगळवारी त्याने कॉफीचं भांडं
भरलेलं, वाफाळतं,
कपाटात टॉवेलांच्या घडीवर नेऊन ठेवलं
आणि दार लावून घेतलं.
या माणसाने काळोखात, नुसतं चाचपून,
टँकरचे चौदा वॉल्व ओळखले होते.
(हे मी पाहिलेलं नाही. खोडते.)

तपासणीच्या दिवशी तो दाढी करतो.
मी म्हणते, असाच जा, जसा आहेस तसा.
म्हणतो, अधिकाऱ्यासमोर असं जायचं नसतं.
तपासनीस लिहितात: नीटनेटका. हस्तांदोलन घट्ट.
त्या हस्तांदोलनाचे पैसे तो चार दिवस फेडतो,
न्हाणीघराच्या फरशीवर, गाल गार लादीला लावून.
तेव्हा तुमच्यापैकी कुणी नसतं. मी असते,
टबच्या कडेवर बसलेली,
हातात काहीच नसलेली.

दोन ओळींची जागा उरली आहे.
पलीकडच्या खोलीतून तो विचारतोय,
एवढं काय लिहितेस?
किराण्याची यादी, म्हटलं.
या कागदाबाहेरचं हे एकच खोटं.