एक फूट जास्त

नकाला बंदर इथून किती लांब?
कागदावर सदतीस दिवस.
भुसावळच्या डेपोतून डबा निघतो,
न्हावाशेवाला सील तपासतात,
मग समुद्र, मग दुसरं जहाज, मग पुन्हा समुद्र.
अमीना मुसाचा निरोप मात्र
माझा चहा निवायच्या आत पोचतो.

मी चटईच्या कारखान्यात कागद करतो.
जळगाव, एमआयडीसी, मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं.
बिल ऑफ लेडिंग, मूळ देशाचा दाखला, पॅकिंगची यादी.
एकदा मोझांबिकमधला झेड लिहायचा राहिला,
त्या एका झेडपायी
बंदरावर अकरा दिवसांचं भाडं भरलं.
शेठ अजून मला झेड म्हणतात.

मागे स्टेशनजवळच्या हॉटेलात परिषद झाली.
पुण्याच्या साहेबांनी पडद्यावर आफ्रिका लावली,
संधीला हिरवा ठिपका, जोखमीला लाल.
नंपुलावर दोन्ही होते, एकावर एक,
म्हणून तो मातकट दिसत होता.
टाळ्या झाल्या. शेवभाजी बरी होती.

नंपुलाच्या त्या मातकट ठिपक्यात अमीनाबाईंचं दुकान आहे.
त्यांची पोर्तुगीज, माझी मोडकी इंग्रजी,
मधे फोन, दोघांचंही थोडं चुकीचं सांगणारा.
फेब्रुवारीत निरोप आला:
चटया छान. रंग टिकतो.
हा पिसाऱ्याचा पक्षी कोणता, गिऱ्हाइकं विचारतात.
पण अरुंद आहेत.
आई आणि तीन लेकरं झोपतात एकीवर,
एक लेकरू रात्रीतून जमिनीवर जातं,
सकाळी खोकतं.
एक फूट वाढवा.

शेठ म्हणाले, माग चार फुटी आहे,
देशभर चारच चालते.
चावदस भोळे तंबाखू मळत होता.
"पाच फूट? तठी काय पंगत बसते का?"
म्हटलं, पंगत नाही. झोपतात.
त्याचा अंगठा तळहातावर थांबला.
"मंग खाली कोन जाते? लहान का मोठं?"

हे विचारायचं राहिलंच होतं.

त्यानं आधी पट्टी जोडून पाहिली.
रात्रभर स्वतः झोपला तिच्यावर, गेटवरच्या खोलीत.
सकाळी पाठीवर शिवणीचा वळ दाखवला सगळ्यांना,
सदरा वर करून, शेठलासुद्धा.
शेवटी बंद पडलेल्या अत्तरदेंच्या शेडमधून
एक सहा फुटी माग आणला, भंगाराच्या भावात.
त्याला चालता करायला अठरा दिवस गेले
आणि चावदसचं एक नख.

दोन डबे गेले.
पैसे आले नाहीत.
तिकडे बँकेत डॉलर संपले होते,
बाईंच्या दिराकडे तूर होती.
झोपे दाल मिलनं ती घेतली;
कुणाचे पैसे कुणी कुणाला द्यायचे
हे समजावताना बँकेच्या मॅडमनी
चष्मा काढून दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा लेखी मागितलं.
मी झेड तपासून दिलं.

मिलच्या चाळणीखाली खडे पडले, तांबडे.
आमच्या काळ्या मातीत असा खडा नाही.
एक मी टेबलावर ठेवलाय,
पंख्याच्या वाऱ्यानं पावत्या उडू नयेत म्हणून.

तुरीच्या मागोमाग उत्तर आलं.
खाली मधलं जातं.
लहान आईला धरून असतं, मोठं हटत नाही.
चावदसला सांगितलं. "हां," म्हणाला,
"आमच्या घरी बी मधलंच व्हतं,"
आणि मागाचं बटण दाबलं.
पुढचं काही ऐकू आलं नाही.

मे महिन्यात लाइट गेली तेव्हा
गच्चीवर नमुन्याची पाच फुटी टाकली आम्ही.
बायको, दोन मुली, मी.
कडेला कोण, यावरून भांडणं झाली,
कारण आमच्याकडच्या उकाड्यात
सगळ्यांना कडच हवी असते, वारा तिथंच लागतो.

हे नंपुलाला अजून कळवलेलं नाही.