उणे दोन

आलेख कागद संपला म्हणून सफूरानं
वहीच्या पाठच्या पानावर पट्टीनं घरं आखली,
थोडी तिरकी, पण मोजता येतील अशी.
पुस्तकातलं समीकरण सोडून तिनं घेतलं दुकानातलं:
उदगीरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला
अब्बाच्या भाड्याच्या सायकली.
तासाला पाच. वर दहा आधीच, परत न मिळणारे.

एक तास, पंधरा. दोन तास, वीस.
चार तास नेणारं एकच पोरगं, मठपतीचं.
त्याचा ठिपका जरा जाड.
पट्टी लावली तर सगळे एका ओळीत,
प्रार्थनेला कधी उभे राहत नाहीत तसे.

रेषा शून्यातून निघाली नाही.
सायकल हलण्याआधीच दहावर उभी होती.
मी लाल पेनानं लिहिलं, दोन्ही टोकांना बाण काढ,
रेषा इथं थांबत नसते.

तर ही उठून उभी.
"बाई, मागं वाढवली की उणे दोनवर शून्य येतंय.
दुकान आठला उघडतंय. म्हणजे सहाला."
मग?
"सहाला कुणाचं कुणाला काही देणं नसतंय बाई.
अब्बा घमेल्यात ट्यूब बुडवून बसलेले असतेत,
बुडबुडा कुठून येतो बघत."

वर्ग हसला.
अशा गणितात क्ष उणे नसतो,
एवढंच सांगायचं होतं मला.
खडू हातात तसाच.

घंटा झाल्यावर वही उघडली.
डावीकडं, अक्षावर, पेन्सिलीनं
एक एवढंसं वर्तुळ. बिंदूपेक्षा मोठं,
आतून पोकळ.
बरोबरची खूण मी
त्याला लागू न देता जरा बाजूला केली.