अनुक्रमांक

एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात होतो, तपासणीत.
ताव उजेडाकडे धरायचा,
शाई फुटलीय का, आकडा सरकलाय का,
बघायचं, बाजूला ठेवायचं.
संध्याकाळी भोंगा. फाटकाशी रांग.
खिसे उलटे करून दाखवायचे, बुटांचे तळसुद्धा.
अस्तरं बाहेर लोंबत असलेला मी
मोजता न येणारे कोटी मागे ठेवून
जेल रोडने सायकल हाणत घरी.

आता ब्रदर सिप्रियन दुसऱ्या नोटा शिकवतात.
चार रेघा. पाच नाहीत, मी दोनदा मोजल्या.
त्यांवर काळे चौकोन,
तारेवरच्या चिमण्या म्हणाव्यात
तर चिमण्या अशा कापलेल्या नसतात.
तिळाच्या वडीचे तुकडे म्हणू.
तालाच्या मात्रा नाहीत, सम नाही.
शब्द जितका लांब तितकाच सूर थांबतो,
मग पुढे जातो, चप्पल न घालता.

हे संत फ्रान्सिसच्या सणाचं गाणं.
तो गेल्यावर थोड्याच वर्षांत
त्याच्याच कुळातल्या भिक्षूंनी बांधलेलं.
आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या सांजेपर्यंत,
प्रहराप्रहराला नवी ओळ, यमकात.
लॅटिन मला येत नाही.
ब्रदर एकेक ओळ मराठीत सांगतात, वसईच्या हेलात:
इथे तो बापाला कपडे परत देतोय.
इथे पाखरं गप्प बसलीत.

एका मंगळवारी ते म्हणाले,
बघ तोबियस, पहिली ओळ पहिल्या थाटात,
दुसरी दुसऱ्या, तिसरी तिसऱ्या,
आठ थाट संपेपर्यंत असंच.
मी बाकावरून उठलो.
ब्रदर, हे नंबरिंग आहे!
ते हसले. पण मला रात्री झोप लागली नाही.
ज्याने आयुष्यभर नाणं हातात धरलं नाही,
शेणाइतकीच किंमत दिली त्याला,
त्याचंच गाणं अनुक्रमांक टाकून छापलंय.
एकही आकडा न गाळता.

आम्ही पाच जण.
इस्माएल पगारे दिंडोरीहून येतो,
छाटणी चालू आहे, काड्यांना पेस्ट लावून
बोटं गुलाबी, धुऊनही जात नाहीत.
दोघी नर्स बहिणी, पाळी असेल तशा.
दहावीतला एक पोरगा, ज्याचा आवाज
कधी कुठल्या मजल्यावर उतरेल सांगता येत नाही.
आणि मी.

छापखान्यात एखादी नोट बाद झाली
की तिच्या जागी दुसरी जायची, आकड्याआधी चांदणी छापलेली.
गड्डी शंभराची ती शंभराचीच.
रेबेकाच्या जागी मी आहे.
बावीस वर्षं ती इथे गायली
आणि मी बाहेर सायकलला टेकून
भिंतीतून ऐकायचो, अर्धं लक्ष घड्याळाकडे.
लवंग गालात धरून यायची बाहेर,
म्हणायची, आज जमलं. किंवा, आज नाही.
याच्यापुढे मी कधी विचारलं नाही.

तिचीच झेरॉक्स माझ्या हातात.
पेन्सिलीच्या बारीक खुणा, स्वल्पविरामासारख्या.
मला वाटलं छपाईतली चूक, खोडरबर काढलं.
ब्रदरांनी हात धरला.
ती श्वास घ्यायची तिथे.

काल तीन ऑक्टोबर. संध्याकाळचं गाणं.
देवळालीच्या मैदानात तोफांचा सराव,
दर थोड्या वेळाने तावदानं थरथरत होती
आणि चार रेघांवरून आम्ही पाच जण
तसेच चाललो होतो, एकमेकांच्या मागे.
पोरग्याचा आवाज फुटला. नर्स हसली.
पाचव्या ओळीत, तिच्या खुणेशी, मी थांबलो,
श्वास आत घेतला.
तो माझ्या छातीला जरा लहान पडला.

बाहेर आलो. चर्चच्या फाटकाशी कुणीच नव्हतं.
तरी हात गेले सवयीने,
दोन्ही खिसे उलटे केले दिव्याखाली.
सायकलची किल्ली. पेन्सिलीचा तुकडा.
एक लवंग.
तपासनिसाने विचारलं असतं तर
काय सांगितलं असतं, कोणाची?